फुकटची चेतक

पवनीहून फुप्पींचा फोन आला तेव्हा मी दळण आणायला निघाले होते. म्हणाल्या, "बेटा, तुझ्या फुप्पांची चेतक अंगणात तशीच उभी आहे. तुझा मुलगा आता मोठा झाला. त्याच्या कामी येत असेल तर घेऊन जा. पैसे-बैसे नकोत." मी फोन ठेवायच्या आत मुलाने ते ऐकले होते. तो धावतच अब्बांच्या दुकानात गेला.

२०२३ च्या डिसेंबरातली ही गोष्ट. आमच्या ह्यांचे भंडाऱ्यात शिलाईचे लहानसे दुकान आहे. शाळेचे गणवेश शिवण्याची कामे मिळतात. माल पोचवायला वरठी, मोहाडी, शहापूरपर्यंत जावे लागते. कधी ऑटो, कधी कुणाची गाडी मागून, कधी गठ्ठा डोक्याशी धरून एसटीने. महिन्याला किती पैसे भाड्यात जातात याचा हिशोब मांडायचीही भीती वाटायची. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, लायसन्स काढून बसलेला. अशा घरात फुकट गाडी म्हटल्यावर काय होणार! दोघांच्याही डोळ्यांत मला ती स्कूटर तेव्हाच धावताना दिसली.

फुप्पांनी ती चेतक १९९९ साली घेतली होती. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला. एकेकाळी बजाजची स्कूटर मिळवायला लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. फुप्पांनी घेतली तेव्हा ते दिवस सरले होते, तरी घरी स्कूटर येणे म्हणजे मोठीच गोष्ट होती. हँडलवरचे गिअर, चालू होईना की एका बाजूला तिरकी करून पुन्हा किक, पुढे उभे राहिलेले मूल आणि मागे बुरखा सावरून बसलेल्या फुप्पी. ईदला ते दोघे लाखनीला आमच्या माहेरी असेच यायचे. २०१४ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा फुप्पांनी नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली होती. २०१९ मध्ये ती मुदत संपायला आली आणि त्याआधीच फुप्पा गेले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. त्यानंतर गाडीला कुणी हात लावला नाही.

रविवारी आम्ही तिघे पवनीला गेलो. सोबत आमच्या मोहल्ल्यातले मिस्त्री काका होते. दुचाकी दुरुस्तीत त्यांचे उभे आयुष्य गेले आहे. ह्यांना वाटत होते, टेम्पोत टाकून गाडी आणावी आणि मग बघावे. काका म्हणाले, "टेम्पोचे भाडे देण्याआधी गाडी जागेवर बघायची. एकदा दारात आणली की परत नेववत नाही." हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडले.

टिनाच्या छपराखाली स्कूटर उभी होती. वरून बऱ्यापैकी दिसत होती. मुलाने फडक्याने सीट पुसली, हँडल धरले आणि माझ्याकडे बघून हसला. काकांनी मात्र सीटकडे पाहिलेच नाही. ते खाली वाकले आणि इंजिनाच्या झाकणावर बोट फिरवत म्हणाले, "ही रेघ कशाची?"

मातीची एक आडवी रेघ दोन्ही बाजूंच्या डब्यांवरून सरळ गेलेली होती. फुप्पी म्हणाल्या, "पुराची." २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला आलेला तो पूर आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेले नाही. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी सोडले गेले, भंडारा शहरात, पवनीत, काठच्या गावांत पाणी शिरले. फुप्पींना शेजाऱ्यांनी वरच्या वस्तीत नेले होते. घरातली धानाची पोती गेली, कपाटातले कपडे गेले. त्या गडबडीत स्कूटरचा विचार कोण करणार? पाणी ओसरले, अंगण धुतले, स्कूटर तिथेच राहिली.

काका म्हणाले, "बंद पडलेल्या गाड्या दोन प्रकारच्या असतात. एक उभी राहिलेली, दुसरी बुडालेली. उभी राहिलेली असेल तर बहुतेक वेळा उठते. बुडालेलीचे सांगता येत नाही."

मग त्यांनी एकेक तपासणी केली. ती इथे सांगते, कारण कुणाच्याही दारात अशी एखादी गाडी असू शकते आणि या गोष्टींना खर्च काहीच नाही.

आधी किक हाताने हळूच दाबून पाहिली. खाली जाईना. इंजिन जाम. जोर लावला नाही. प्लग काढला, त्या भोकातून थोडे ऑइल सोडले आणि म्हणाले, "हे रात्रभर मुरू द्यायचे असते. आपण दोन तास देऊ." तोपर्यंत गिअरबॉक्सचा नट सैल करून खाली वाटी धरली. आधी पाणी आले आणि मग दुधाचा चहा असतो तशा रंगाचे ऑइल. ते पाहून काकांनी मान हलवली. ऑइलमध्ये पाणी मिसळले की ते असे पांढरट होते. म्हणजे पाणी आतपर्यंत गेले होते आणि तीन वर्षांवर तिथेच बसले होते. आतल्या बेअरिंगला गंज लागल्याशिवाय राहणार नाही.

टाकीचे झाकण उघडले तर पेट्रोलचा नव्हे, जुन्या वार्निशसारखा वास आला. आत गंजाचे पापुद्रे. टायरच्या बाजूंना बारीक भेगा. चेतकचा सांगाडा वेगळा नसतो, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. म्हणून काकांनी पायदानाखाली स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहिला. दोन ठिकाणी तो पत्र्यातून आरपार गेला. मुलाच्या चेहऱ्यावरचे हसू तिथे गेले.

जेवण झाल्यावर पुन्हा किक दाबली. या वेळी ती हलली, कुरकुरत खाली गेली. मुलगा ओरडलाच, "सुटली!" काकाही खूश झाले. पण लगेच म्हणाले, "सुटली म्हणजे चालली असे नाही, बेटा."

घरी परतल्यावर काकांनी खर्च सांगितला आणि मी तो वहीत उतरवला. दोन टायर-ट्यूब २४०० रुपये. कार्ब्युरेटरची सफाई आणि किट ६००. बोअर करून नवा पिस्टन, रिंग ३५००. क्लच प्लेट आणि सगळ्या केबल १२००. वायरिंग, कॉइल १५००. पायदानाचे वेल्डिंग आणि रंग ४०००. मजुरी २५००. बेरीज १५,७००. आतले बेअरिंग बदलावे लागले तर वेगळे. "त्याची गॅरंटी मी देणार नाही," काकांनी स्वच्छ सांगितले. शिवाय आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, वायसर त्याने लवकर खराब होतात, तेही बदलत राहावे लागेल.

ह्यांचे म्हणणे, "पंधरा-सोळा हजारांत गाडी कुठे मिळते? थोडे थोडे करत लावू." मला ते पटतही होते. गरिबाला एकदम पंचवीस हजार जमत नाहीत, दर आठवड्याला हजार जमतात. म्हणूनच आपण जुन्या वस्तूंच्या दुरुस्तीत अडकतो. एकदा पाच हजार घातले की ते वाया जाऊ नयेत म्हणून आणखी पाच घालतो.

मी वहीचे दुसरे पान काढले आणि वर लिहिले, "कागद." पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीला १००० रुपये झाले होते. पंधरा वर्षांवरील दुचाकीला आपल्या राज्यात तेव्हा पाच वर्षांचा पर्यावरण कर २००० रुपये होता. थर्ड पार्टी विमा तेव्हा वर्षाला ७१४ होता आणि त्यावर जीएसटी. पीयूसी वेगळे. वर, नोंदणी संपल्यावर उशीर केला तर दर महिन्याला ३०० रुपये असा नियम. मुदत संपून चार वर्षे झाली होती. त्या आकड्याची जागा मी रिकामीच ठेवली. तो सोडूनही दोन्ही पानांची बेरीज १९,४०० च्या वर गेली.

तिसऱ्या पानावर पेट्रोल. दुकानाच्या कामाला महिन्याला साधारण ७५० किलोमीटर होतात. चेतक चांगली लागली तरी लिटरला ३८-४० देणार. तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते, ते वेगळेच. ओळखीच्या एका गुरुजींची २०१२ ची चालू स्प्लेंडर २६,००० ला विकायची होती. ती ५५ तरी देते. म्हणजे महिन्याला सहा लिटरचा फरक, सहाशेवर रुपये. वर्षभरात दोन्ही गाड्यांतले अंतर तिथेच भरून निघते. आणि स्प्लेंडरची नोंदणी २०२७ पर्यंत जिवंत होती.

हिशोब समोर होता, तरी घरात एकमत होईना. मुलगा म्हणे, "फुप्पांची आठवण आहे." हे म्हणत, "आधी नावावर तर करून घेऊ." म्हणून मी आरटीओच्या कामाची माहिती असलेल्या एका ओळखीच्या माणसाला विचारले. तो म्हणाला, "गाडीमालक वारले असतील तर ३० दिवसांत कळवायचे असते आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची असते. तुम्ही थेट तुमच्या नावावर करू शकत नाही. आधी वारस, मग तुम्ही. सगळे वारस किती? सगळ्यांची हरकत नाही असे प्रतिज्ञापत्र लागेल."

सगळे वारस किती? फुप्पींची दोन मुले. थोरले नागपूरला, धाकटा पुण्याला. दोघांनी फोनवर केव्हाच सांगितले होते, "घेऊन जा, आम्हाला काय करायची." आणि एक मुलगी, आमची आपा. तिला तुमसरला दिली आहे. तिला कुणी विचारले होते? फुप्पींनी नाही, भावांनी नाही. आणि खरे सांगायचे तर मीही नाही. आठ दिवस त्या स्कूटरचा नट नट मोजला, पण ती कुणाची आहे हे मोजायचे राहून गेले.

रात्री दहावीतली माझी मुलगी गणित करत बसली होती. तिला मी सहज विचारले. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से ठरवून दिले आहेत, ते आपल्या घरात सगळ्यांना तोंडपाठ असतात. आधी दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि उरले त्याची वाटणी. फुप्पांचे आईवडील आधीच वारलेले. तेव्हा बायकोचा आठवा हिस्सा आणि बाकीचे मुलग्याला दोन, मुलीला एक या प्रमाणात. मुलीने अपूर्णांक मांडले आणि सांगितले, "अम्मी, चाळीस भाग करायचे. फुप्पीदादींचे पाच, दोन्ही मामूंचे चौदा-चौदा आणि आपाखालांचे सात." मग पेन्सिल चावत म्हणाली, "म्हणजे फुप्पीदादींना फुकट देता येण्यासारखे पाचच भाग होते ना?"

मी दुसऱ्या दिवशी तुमसरला फोन लावला. सलाम-दुआ झाली. सांगितले, "आपा, फुप्पांची चेतक आहे ना, ती आम्हाला द्यायचे चालले आहे. त्यात तुझाही हिस्सा आहे. म्हणून तुला विचारते."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटले, लाइन गेली. मग आपा म्हणाली, "तू स्कूटरचे विचारतेस. चार वर्षांपूर्वी धानाच्या बांधीच्या कागदावर सही घ्यायला दोघे आले होते. विचारले नव्हते, बोट ठेवून सांगितले होते, इथे कर." थोडे थांबून म्हणाली, "स्कूटर घेऊन जा गं. माझी हरकत नाही. विचारलेस हे बरे केलेस."

तिने हरकत घेतली नाही, पण त्या फोननंतर मला ती स्कूटर फुकट घेववेना. मी ह्यांना सगळे सांगितले. ते काही वेळ मशीनवर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "नको मग. जिचा नफा नाही आणि जी आपली नाही, तिच्यावर वीस हजार कशाला लावायचे?" मुलाला वाईट वाटले. पण तिन्ही पाने त्याच्यासमोर होती, आणि तो कॉमर्सचा विद्यार्थी. त्यानेच शेवटी स्प्लेंडरची बेरीज पुन्हा तपासली.

फुप्पींना कळवले की गाडी दुरुस्त करण्यात अर्थ नाही, ती मोडीत काढून पैसे वारसांत वाटावेत. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मला वाटले होते, कुणाच्या दारात तरी चालेल." थोरल्या भाईजानांनी नागपूरहून येऊन कागदाचे बघितले. ते महत्त्वाचे होते. नोंदणी रद्द न करता गाडी भंगारात दिली तर कागदावर मालक आपणच राहतो. उद्या त्या नंबरचा कुणी गैरवापर केला तर पोलीस आपल्या दारात येणार. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांच्या आत कळवावे असे मोटार वाहन कायद्यातच आहे. २०२१ पासून सरकारमान्य स्क्रॅप केंद्रांचेही नियम झाले आहेत, तिथे गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते. भाईजानांनी अर्ज दिला, आरसी बुक आणि कापलेला चेसिस नंबरचा तुकडा जमा केला आणि मगच गाडी दिली.

चेतकचे ४००० रुपये आले. मुलीचे गणित बरोबर निघाले. फुप्पींना ५००, दोन्ही भावांना १४००-१४००, आपाला ७००. भाईजान आधी हसले, "आता स्कूटरचे चाळीस भाग करायचे?" पण फुप्पी म्हणाल्या, "कर." त्या एवढेच बोलल्या. भाईजानांनी स्वतः तुमसरला जाऊन ७०० रुपये आपाच्या हातात दिले.

आपाचा फोन आला तेव्हा ती नेहमीसारखीच बोलत होती, मुलांचे, थंडीचे. शेवटी म्हणाली, "बाबांचे म्हणून हातात आलेले हे पहिले पैसे." भाईजान परतताना आमच्याकडे चहाला थांबले होते. बांधीचा विषय त्यांनीच काढला. म्हणाले, उन्हाळी धान निघाले की तिघे बसू. ते बसले का, काय ठरले, ते अजून माझ्या कानावर आलेले नाही.

आमच्याकडे स्प्लेंडर आली. दहा हजार रोख, उरलेले गुरुजींनी चार हप्त्यांत घेतले. आधी नाव बदलले, विमा काढला, मगच मुलाने चावी घेतली. मिस्त्री काकांना त्या दिवसाची मजुरी द्यायला गेले तर घेईनात. मी ठेवूनच आले. एका माणसाच्या खऱ्या सल्ल्याने आमचे वीस हजार वाचले होते.

ज्यांच्या अंगणात अशी गाडी उभी आहे त्यांना माझे एवढेच सांगणे. इंजिन सुटते का, गिअरचे ऑइल कसे आहे, पत्रा शाबूत आहे का, हे जागेवरच बघा. गाडी कोरड्या जागी उभी असेल, पत्रा चांगला असेल आणि कागद जिवंत असतील तर जरूर दुरुस्त करा. चांगली वस्तू टाकून देणे हाही इस्राफच आहे. पण दुरुस्ती, कागद आणि पेट्रोल तिन्ही पाने लिहा, फक्त पहिले नको. मालक हयात असतील तर आरसीवर नामांकन करता येते, तेही करून घ्या. मात्र नामांकन म्हणजे वाटणी नव्हे. आणि देणारा कितीही मायेने देत असला, तरी ती वस्तू एकट्याची आहे का हे विचारा.

हे सगळे मी शहाणपणाने लिहिते आहे खरी. पण त्या रात्री गणित झाल्यावर मुलीने वही मिटली नव्हती. तिने विचारले होते, "अम्मी, लाखनीच्या घरात तुझे किती भाग?" आम्ही दोन भाऊ, एक बहीण. माझे अब्बा गेल्यावर मीही हक्कसोडीवर सही केली आहे. माहेर तुटू नये म्हणून, कुणी न मागताच पेन हातात घेतले होते. अम्मीला आठवा हिस्सा दिला की उरलेल्याचे पाच भाग, त्यातला एक माझा. मुलीला मी हे सांगितले नाही. म्हटले, "उशीर झाला, झोप आता."

तिने ते वहीत मांडून ठेवले आहे. परवा रद्दी काढताना दिसले.